दुधाची रास होत नाही

अलकनंदा खानोलकर लग्न होऊन दिल्लीला आल्या त्या एकसष्ट साली. बरोबर एक ट्रंक, एक वळकटी आणि सांगलीच्या ट्रेनिंग कॉलेजचं सर्टिफिकेट. नवरा श्यामकांत एका मंत्रालयात असिस्टंट होता. क्वार्टर सरोजिनी नगरात मिळालं होतं: दोन खोल्या, मागे फरशीचं अंगण, पुढे कडुनिंब. जुने शेजारी त्या वस्तीला अजून विनयनगरच म्हणत. पहिली दोन वर्षं हिंदी शिकण्यात आणि थंडीला सरावण्यात गेली. चौसष्ट साली मुलगी झाली, वीणा. ती तीन वर्षांची झाल्यावर बाईंनी नोकरीसाठी अर्ज केला आणि छावणीतल्या एका प्राथमिक शाळेत त्यांना जागा मिळाली.

शाळा म्हणजे बैठी इमारत, सहा खोल्या आणि एक लांबलचक व्हरांडा. मुलं जवळजवळ सगळी जवानांची. गढवाली, पंजाबी, तमिळ, जाट, मराठे, ज्या पलटणी त्या वर्षी छावणीत असतील त्यांची. बापाची बदली झाली की मूल वर्ग अर्ध्यावर सोडून जायचं आणि त्याच्या जागी दुसरं कोणीतरी येऊन बसायचं. शिकवणं सगळं हिंदीतून. बाईंची हिंदी सुरुवातीला अडखळायची, पण चार वर्षांत इतकी सुधारली की भाजीवाल्याशी भांडताना त्यांना मराठी शब्द आठवायचेच नाहीत.

चौथीचं सामान्य विज्ञान शाळेत कोणालाच नको असायचं. त्यात गोष्टी नव्हत्या, कविता नव्हत्या, आणि पाढ्यांसारखं एकदा घोकून घेतलं की संपलं असंही नव्हतं. म्हणून ते सगळ्यात नव्या बाईंच्या गळ्यात पडलं. बाईंनी कुरकुर केली नाही. विज्ञानाची त्यांना फार गोडी होती असंही नाही, पण अंगावर घेतलेलं काम नीटनेटकं करायचं हा त्यांचा स्वभाव होता. त्यांनी त्याचंही घोकणं करून टाकलं.

"ठोस का आकार?" बाई विचारायच्या.

"पक्का होता है!" चाळीस पोरं एका सुरात.

"द्रव?"

"जिस बर्तन में डालो, उसका आकार ले लेता है!"

व्हरांड्यातून जाताना मुख्याध्यापिका, म्हणजे सगळ्यांच्या बड़ी बहनजी, दाराशी क्षणभर थांबायच्या आणि समाधानानं मान हलवून पुढे जायच्या. अलकनंदाबाईंच्या वर्गाचा निकाल दरवर्षी चांगला लागायचा. त्यांना स्वतःलाही वाटायचं, आपल्याला शिकवता येतं.

त्र्याहत्तर साली जुलैमध्ये लता चौगुले त्यांच्या वर्गात आली. वय नऊ. बाप कृष्णात पलटणीत नायक होता. नुकतंच फॅमिली क्वार्टर मिळालं म्हणून त्यानं बायकोला आणि मुलीला गडहिंग्लजकडच्या गावातून आणलं होतं. लताला हिंदीचा गंध नव्हता. ती तिसऱ्या रांगेत भिंतीला टेकून बसायची, सगळं ऐकायची आणि बोलायची मात्र काही नाही. बाई मधूनच तिच्यासाठी एखादं वाक्य मराठीत सांगायच्या. तेवढंच. चाळीस मुलांतल्या एकीसाठी याहून किती थांबणार? दुसऱ्या बाया म्हणायच्या, "खानोलकर बहनजी, आपकी मराठी लड़की थोड़ी मंद है क्या?" बाई हसून विषय टाळायच्या. मनातून त्यांनाही तसंच वाटू लागलं होतं.

नोव्हेंबरात चाचणी झाली. बाईंनी फळ्यावर प्रश्न लिहिला: नीचे लिखी चीज़ों में से द्रव छाँटो और कारण लिखो. दूध, पत्थर, आटा, तेल, लकड़ी. त्यातलं पीठ त्यांनी सहज घातलं होतं, यादीत पाच वस्तू व्हाव्यात म्हणून. सगळ्या वर्गानं दूध आणि तेल लिहिलं. लतानं लिहिलं, दूध, तेल, आटा. आणि खाली, हिंदीत जमेना म्हणून मराठीत, मोठ्या वळणदार अक्षरांत: "पीठ भांड्याचा आकार घेतं."

बाईंनी लाल शाईनं फुली मारली. तेवढ्यावर राहिलं असतं तर काही झालं नसतं. पण पेपर परत देताना त्यांनी मुलांना हसवायला ते उत्तर वाचून दाखवलं.

"लता कहती है, आटा द्रव है."

वर्ग खदखदून हसला. मागच्या बाकावरच्या महिपाल नावाच्या मुलानं विचारलं, "बहनजी, ये आटा गिलास में पीती है क्या?" मग आणखी हसू. लता खाली बघत राहिली. त्या दिवसापासून तिचं नाव 'आटा' पडलं. मधल्या सुट्टीत नळापाशी, घरी जाताना रस्त्यावर, जिथं तिथं आटा, आटा. तीन दिवस तिनं ते ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी ती शाळेत आली नाही, पाचव्या दिवशीही नाही.

रविवारी सकाळी श्यामकांत चक्कीवरून दळण घेऊन आला. पीठ अजून गरम होतं. बाईंनी पिठाचा चौकोनी पत्र्याचा डबा पुढे ओढला आणि पिशवी उपडी केली. पीठ झरझर ओघळलं, डब्याच्या चारही कोपऱ्यांत जाऊन बसलं. उरलेलं त्यांनी पितळी डब्यात ओतलं. ते गोल झालं.

बाईंचा हात तसाच थांबला. त्यांनी वाटीभर पीठ घेतलं, पेल्यात ओतलं. पेल्यातून ताटलीत ओतलं. मग साखरेचा डबा काढला. साखर तर पाण्यासारखी वाहत होती, सुळसुळ.

"अहो," त्यांनी हाक मारली, "पीठ ठोस की द्रव?"

श्यामकांत अंगणात पेपर वाचत होता. "ठोस."

"का?"

"का म्हणजे? ठोस आहे म्हणून ठोस."

"पण ते भांड्याचा आकार घेतं."

श्यामकांतनं पेपर खाली केला. थोडा विचार केला. "अगं, पण पीठ म्हणजे काही दूध नव्हे," तो म्हणाला आणि पेपर परत वर धरला.

बाई ओट्याशी उभ्या राहिल्या. सहा वर्षं त्या ते वाक्य मुलांकडून म्हणून घेत होत्या, आणि सहा वर्षांत एकाही मुलानं ते खरं धरून एखाद्या वस्तूला लावून पाहिलं नव्हतं. त्यांनी स्वतःही नाही. लावून पाहिलं ते त्या एका मुलीनं, जिला भाषासुद्धा धड कळत नव्हती. आणि बाईंनी तिला चाळीस जणांसमोर हसं करून ठेवलं होतं. बाईंना इतकं ओशाळल्यासारखं झालं की पुन्हा भरायला घेतलेलं पीठ निम्मं बाहेर सांडलं.

सोमवारी शाळा सुटल्यावर त्या पत्ता विचारत फॅमिली क्वार्टरांकडे गेल्या. एकसारख्या पिवळ्या घरांची ओळ होती. शेवटून दुसऱ्या दारापुढे, उन्हात, लताची आई द्वारका सुपानं गहू पाखडत बसली होती. तिशीच्या आतली, हडकुळी बाई. शाळेच्या बाई दारात पाहून ती गडबडून उठली आणि डोक्यावर पदर ओढला.

"बाई, तुमी कशाला आलासा? निरोप धाडला असता तर ह्यांस्नी पाठवलं असतं की."

"लता तीन दिवस आली नाही. बरं नाही का तिला?"

"प्वाट दुखतंय म्हंती," द्वारका म्हणाली. मग आवाज खाली आणून पुढे बोलली, "कशानं दुखतंय ते मला ठावं हाय. पोरं नावं ठेवत्यात."

दाराच्या आड लताचे पाय दिसत होते. बाई पोत्यावर बसल्या. "लता, बाहेर ये बाळ. मी रागवायला आलेली नाही. तुला एक विचारायचं आहे."

लता आली आणि चौकटीला धरून उभी राहिली.

"पीठ द्रव आहे, हे तू कशावरून लिहिलंस?"

"तुमीच सांगितलं हुतं," लता जमिनीकडे बघत म्हणाली. "भांड्याचा आकार घेतंय ते द्रव. पीठ घेतंय की. डब्यात घातलं की डब्यागत, वाटीत घातलं की वाटीगत."

"मग पीठ दुधासारखं असतं का?"

"न्हाई."

"मग काय असतं?"

"मला काय म्हाईत! तुमी सांगितलं तेच मी लावून बघितलं."

द्वारका घाबरली. "अगं, बाईंच्या म्होरं असं बोलतात व्हय?"

"बरोबर बोलतेय ती," बाई म्हणाल्या. शाळेत लागल्यापासून एकाही मुलासमोर जे वाक्य त्यांनी उच्चारलं नव्हतं, ते आता बोलायचं होतं. "लता, मलाही माहीत नाही. मी काल दिवसभर डोकं खाजवलं. पीठ ठोस आहे असं सगळे म्हणतात, पण का, ते मला सांगता येत नाही."

लतानं पहिल्यांदा मान वर केली. बाई खोटं बोलताहेत की खरं, ते ती त्यांच्या तोंडावर शोधत होती.

द्वारकाला मात्र हसू आलं. "अगं बया! बाईलाच ठावं न्हाई तर कुनाला ठावं असनार?" ती पुन्हा सूप घेऊन बसली, कारण हात रिकामे ठेवून बोलायची तिला सवय नव्हती. पाखडलेला गहू तिनं पुढ्यातल्या जुन्या लुगड्याच्या धडप्यावर ओतला. गव्हाचा उंचवटा झाला. ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "मला शिकल्याली मानसं काय बोलत्यात ते कळत न्हाई. पर एक इचारू का? खळ्यावर जोंधळ्याची रास लागती. पिठाचीबी लागती. दुधाची रास कवा लागल्याली बघितलीय का कुनी?"

मग लता धावत आत गेली. तिनं मूठभर पीठ आणून परातीत सोडलं. लहानसा डोंगर झाला. शेजारी तांब्यातलं पाणी ओतलं. ते पसरलं, परातीच्या काठाला जाऊन टेकलं आणि पिठाच्या पायथ्याशी शिरलं.

"पीठ थांबतंय," लता म्हणाली. "पानी थांबत न्हाई." आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखं, "डब्यात घातलं तरीबी वरनं सपाट न्हाई हुत. डबा हलवावा लागतोय. दुधाला न्हाई हलवावं लागत."

बाई त्या परातीकडे बघत राहिल्या. त्यांनी आयुष्यात किती वेळा पीठ परातीत घेतलं असेल, याचा हिशेब नव्हता.

"आईनं अर्धं उत्तर सांगितलं," त्या म्हणाल्या. "उरलेलं अर्धं शाळेत शोधू. येशील ना उद्या?"

लतानं आईकडे पाहिलं. द्वारका म्हणाली, "जाती की. न जाऊन सांगती कुनाला?"

चहा झाला. लता आता सैल झाली होती. गावचं पीठ हिथल्यागत न्हाई, ती सांगू लागली, जोंधळ्याचं जरा रवाळ असतंय, नाचणीचं मऊसूत, जुनं झालं की गोळे धरतंय, आणि भाकरी शिळी झाली की वातड हुती, पण कडक केली की ठिसूळ. बाई ऐकत होत्या. वातड, ठिसूळ, रवाळ. हे शब्द त्यांनी शेवटचे कधी उच्चारले होते, ते त्यांना आठवेना. घरी आल्यावर त्यांनी वीणाला विचारलं, "ठिसूळ म्हणजे काय गं?" वीणानं गृहपाठातून डोकं वर न काढता म्हटलं, "पता नहीं, आई. कोई मिठाई है क्या?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी शाळेत खलबत्ता आणि कागदात बांधलेले खडेमिठाचे खडे नेले. हजेरी झाली. लता आपल्या जागेवर होती. मागून कोणीतरी हळूच "आटा" म्हणालं. बाईंनी टेबलावर हात ठेवला.

"आटे वाले सवाल में लता से गलती हुई," त्या म्हणाल्या. "पर वह गलती उसे मैंने सिखाई थी. उस पर तुम लोगों को हँसाया भी मैंने. वह मुझे नहीं करना चाहिए था."

बहनजी असं बोलतात हे मुलांना नवीन होतं, आणि बाईंनाही.

त्यांनी बोराएवढा मिठाचा खडा वर धरला. "ये क्या है, ठोस या द्रव?"

"ठोस!"

खलात घालून एक घाव घातला. तुकडे हातावर घेतले. "अब?"

"ठोस!"

पुन्हा कुटलं. जाडसर रवा झाला. "अब?"

"ठोस," पण आवाज कमी झाला होता. आणखी कुटलं, खललं, मग ती पूड एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात ओतली. ती सुळकन वाहिली आणि पेल्याच्या आकाराची झाली. "अब?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. कोणी ठोस म्हणालं, कोणी द्रव. महिपाल म्हणाला, "बहनजी, पहले ठोस था, कूट-कूटके द्रव हो गया."

"कितव्या घावाला?" बाईंच्या तोंडून मराठीच निघालं. त्यांनी हिंदीत परत विचारलं, "कौन-सी चोट पर हुआ?"

महिपाल उठून खलात वाकून बघू लागला. बाईंनी सगळ्यांना पुढे बोलावलं. एकेकाच्या तळहातावर चिमूट चिमूट मीठ दिलं. मुलं हात डोळ्यांशी नेऊन बघू लागली, बोटानं एक एक कण बाजूला करू लागली. कोणी चाटलं. लता कितीतरी वेळ तळहात उन्हात धरून उभी होती. मग ती बोलली. हिंदीत बोलली, मोडकंतोडकं, पण चाळीस जणांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"एक दाना देखा तो ठोस है. दाने का आकार दाने का है. बहुत दाना मिलता, तब बहता. दाना नहीं बदलता."

बाईंनी ते वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं, व्याकरणाला हात न लावता.

"बहनजी," महिपालनं विचारलं, "तो फिर पानी का दाना कहाँ है?"

यावर बाईंपाशी चौथीतल्या मुलाला समजेल असं उत्तर नव्हतं. त्यांनी तसं सांगितलं. आश्चर्य म्हणजे मुलं हसली नाहीत. ती पाण्याचा दाणा शोधायला नळाकडे पळाली आणि पुढचा अर्धा तास त्यांना वर्गात परत आणण्यात गेला.

त्या आठवड्यात वर्गात एक कागद चिकटवला गेला. कोणती वस्तू हाताला कशी लागते, त्याचे शब्द, ज्याला ज्या भाषेत येतील त्या भाषेत. लतानं ठिसूळ, वातड, चिवट दिलं. महिपालनं भुरभुरा. एका तमिळ मुलीनं तिच्या घरचा गुळगुळीत वस्तूसाठीचा शब्द सांगितला. तो बाईंना तीन वेळा म्हणूनही जमला नाही, तेव्हा ती मुलगी पोट धरून हसली. 'आटा' हे नाव कधी गळून पडलं ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

हे सगळं बड़ी बहनजींपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. त्यांनी बाईंना बोलावलं. फरशीवर मीठ सांडून चिकचिक झाली, चपराशी तक्रार करतो, अभ्यासक्रम दोन धडे मागे आहे, हे सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "और एक बात. आपने बच्चों के सामने माफ़ी माँगी?"

"जी."

"खानोलकर बहनजी, आज माफ़ी माँगेंगी तो कल आपकी कौन सुनेगा?"

बाईंना पुष्कळ बोलता आलं असतं. त्या उठून वर्गावर गेल्या. पुढच्या जुलैत, लताचा वर्ग पाचवीत गेल्यावर, नवं वेळापत्रक लागलं तेव्हा सामान्य विज्ञानापुढे दुसऱ्या बाईंचं नाव होतं आणि अलकनंदाबाईंपुढे लिहिलं होतं, सिलाई-कढ़ाई, पाँचवीं की लड़कियाँ, म्हणजे शिवण आणि भरतकाम.

घरी येऊन त्यांनी सांगितलं तेव्हा श्यामकांत म्हणाला, "बरंच झालं की! तपासायचे पेपर कमी." बाई दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. पेपर कमी होणार म्हणून नव्हे, तर जे काम नुकतं कुठे कळू लागलं होतं तेच हातातून गेलं म्हणून. तिसऱ्या दिवशी श्यामकांतनं आपण होऊन भाजी आणली, निवडलीसुद्धा, आणि मेथीबरोबर थोडं गवतही निवडून ठेवलं. तेव्हा बाईंना हसू आलं.

त्या हिवाळ्यात श्यामकांतचे मामा अण्णासाहेब साताऱ्याहून आले. दिल्लीला आलेल्या मराठी पाहुण्याला पानिपत पाहायचंच असतं, आणि ते दाखवायचं काम सरकारी क्वार्टरातल्या माणसांकडे येतं. बाई त्याआधी चार वेळा जाऊन आल्या होत्या. अण्णासाहेब रणभूमीवर डोळे मिटून उभे होते तेव्हा बाई जवळच्या गल्लीत एका हातमागवाल्याच्या दारात बसून होत्या. मागावरून कापून टाकलेल्या सुतांचा ढीग तिथं पडला होता. त्यांनी लोकर, सूत, ताग, रेयॉन असं सगळं वेगवेगळं करून पिशवीभर मागून घेतलं. मागवाला म्हणाला, "बहनजी, इस कचरे का क्या करोगी?" बाई म्हणाल्या, "पढ़ाऊँगी."

आणि त्यांनी खरंच शिकवलं. शिवणाच्या तासाला मुली आधी धागा ओढून बघायच्या, कोणता ताणतो, कोणता तुटतो, तुटताना आवाज येतो का. लोकर पाणी किती पिते आणि रेयॉन ओलं झाल्यावर किती दुबळं होतं, हे त्यांनी वाटीत बुडवून पाहिलं. व्हरांड्यात बाईंनी स्वतः चिमट्यात धरून एकेक धागा जाळून दाखवला. लोकरीला केस जळल्याचा वास येतो हे लतानंच आधी ओळखलं. टाके घालायलाही त्या शिकल्या, पण कोणत्या कापडाला कोणता धागा, हे सांगायची वेळ बाईंवर कधी आली नाही. दोन महिन्यांत बागकामाच्या तासाची मुलं खिडकीत येऊन उभी राहू लागली. बाईंनी त्यांना आत घेतलं. बड़ी बहनजींनी पाहिलं आणि या वेळी त्या तशाच पुढे गेल्या.

पंच्याहत्तरच्या जानेवारीत कृष्णातची पलटण पूर्वेकडे हलली. द्वारका घरच्या सामानाची बांधाबांध अर्धी टाकून शाळेत आली, हातात शेंगदाण्याच्या चटणीची बरणी.

"बाई, पोरगीनं लई डोस्कं उठवलंय," ती म्हणाली. "ह्ये का, त्ये का. ह्यांनी बंदुकीला तेल लावलं तर म्हंती, तेल लोखंडात मुरत न्हाई, मग लाकडात का मुरतंय?" तक्रारीचे शब्द होते, पण चेहरा तक्रारीचा नव्हता.

लता बाईंच्या पाया पडली. बाईंना तिला काही द्यायचं होतं. त्यांनी खूप विचार केला होता, पण आयत्या वेळी काहीच सुचलं नाही. त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "विचारत राहा." मायलेकी गेटबाहेर पडेपर्यंत त्या व्हरांड्यात उभ्या होत्या.

मे महिन्यात एक पोस्टकार्ड आलं. इथली माती हातात दाबली की लाडू होतो आणि हात उघडला की लाडू पसरतो, हे ठोस की द्रव, असं लतानं विचारलं होतं. बाईंनी सविस्तर उत्तर लिहिलं. ते पोहोचलं की नाही कळलं नाही. पुन्हा पत्र आलं नाही, आणि पुढे लताचं काय झालं ते बाईंना कधीच समजलं नाही. सुरुवातीला त्या वाट बघायच्या. मग कळून चुकलं की छावणीतल्या शाळेत शिकवायचं तर हे असंच असतं. मूल एखादं वर्ष आपल्यापाशी असतं, तेवढंच आपलं.

सत्त्याहत्तर साली बड़ी बहनजी निवृत्त झाल्या. नव्या आल्या त्यांना चौथीच्या विज्ञानाला बाई मिळेनात. अलकनंदाबाईंनी हात वर केला आणि त्यानंतर एकवीस वर्षं ते काम सोडलं नाही. घोकणं पूर्ण बंद झालं असं नाही, परीक्षा तशीच होती. पण प्रत्येक व्याख्या शिकवून झाली की त्या म्हणायच्या, "अब कोई चीज़ लाओ जो इसे झूठा कर दे." मुलं दही आणायची, मेण आणायची, डिंक, साबण, स्पंज, एकदा तर गोगलगाय. निम्म्या वस्तूंपुढे बाई हरायच्या. निकाल पूर्वीइतका चांगला लागत नसे. थोडा खालीच असे. त्याचं त्यांना वाईट वाटे, पण पुन्हा जुन्या वाटेनं जायचं त्यांच्या मनात आलं नाही.

वीणा लग्न होऊन बंगलोरला गेली. श्यामकांत निवृत्त झाल्यावर सरकारी घर सोडावं लागलं आणि दोघं नोएडाला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. तिथून छावणी म्हणजे दीड तासाची वाट, दोन बस बदलून. श्यामकांत म्हणायचा, "आता पुरे की." बाई म्हणायच्या, "होतील दिवस." आणि दिवस झाले. अठ्ठ्याण्णवच्या मार्चअखेर त्यांची शेवटची तारीख आली.

निरोपाचा समारंभ लहानसा होता. समोसे, एक शाल, दोन भाषणं. भाषणात कोणीतरी त्यांना 'अनुशासनप्रिय' म्हणालं, ते ऐकून त्यांना जरा गंमत वाटली. सगळं आटोपल्यावर त्यांची जागा घेणारी नवी शिक्षिका, चंद्रप्रभा नावाची, बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, वर्ग बघायला आली. मराठीच होती, लोधी कॉलनीत वाढलेली. बाईंनी तिला कपाट दाखवलं, खिडकीची कोणती कडी अडकते ते सांगितलं, मुलांची नावं सांगितली.

"आणि धडा कुठपर्यंत झालाय, मॅडम?" चंद्रप्रभानं विचारलं.

"धडे सगळे झाले. चौथी ब मध्ये एक राहिलंय. मागच्या आठवड्यात एका मुलीनं विचारलं, आग ठोस, द्रव की गैस? मी दोन पुस्तकं पाहिली. एकात एक लिहिलंय, दुसऱ्यात दुसरंच. मुलं आपापल्या परीनं शोधताहेत."

चंद्रप्रभा वहीत लिहून घेत होती. ती थांबली. "पण मॅडम, मुलांनी मला विचारलं, तर मी काय सांगू?"

"मेणबत्ती लाव," बाई खांद्यावरची शाल सारखी करत म्हणाल्या, "आणि त्यांच्याबरोबर बसून बघ. खिडकी बंद ठेव फक्त, वारा असतो या बाजूला."

बसची वेळ झाली होती. बाईंनी पिशवी उचलली आणि व्हरांड्यातून चालू लागल्या.